लाममेस्त्रीची हाडं

मरोळ गावात एक काळ असा होता, की घरात माणूस गेला की पहिला निरोप लाममेस्त्रीला जायचा. पाद्री काय, तो येणारच. पण पेटी वेळेवर व्हायला हवी. मेस्त्री दारात आलेल्या माणसाचं तोंड बघायचा, कोण गेलं एवढंच विचारायचा आणि फळ्या काढायचा. माप घ्यायला तो कधी कुणाच्या घरी गेला नाही. गावातल्या एकूण एक माणसाची उंची त्याच्या डोळ्यांत होती. वीस वर्षांत त्याने दोनशेच्या वर पेट्या केल्या. स्वतःची पेटीही त्याने मरायच्या चार वर्षं आधीच करून माळ्यावर ठेवली होती, चांगली सागवानी. दर पावसाळ्याआधी ती खाली काढून तिला तेल पुसायचा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. तो म्हणायचा, "आमच्या मुलखात म्हाताऱ्या बापाला मुलगा पेटी भेट देतो. माझा मुलगा इथे नाही, म्हणून मीच मला दिली."

लाममेस्त्री चिनी होता. जहाजावरचा सुतार. तापाने फणफणला म्हणून जहाजाने त्याला मुंबईच्या बंदरात उतरवला आणि ते पुढे निघून गेलं. बरा झाल्यावर काम शोधत शोधत तो मरोळला आला आणि गावातल्या ऑलिव्हच्या प्रेमात पडला. बाप्तिस्मा घ्यायला तो काही केल्या तयार होईना. "मी देव बदलला तर माझ्या आजा-पणजाला जेवण कोण घालणार?" हे त्याचं एकच उत्तर. शेवटी लग्न कोर्टात झालं. चर्चबाहेरचं लग्न, म्हणून ऑलिव्ह त्या दिवसापासून मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, शेवटच्या बाकावर बसू लागली, कम्युनियनचा प्रसाद न घेता. एकोणीस वर्षं बसली. ते बाकही मेस्त्रीनेच केलेलं होतं.

पन्नास साली तो वारला. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या सिमिटरीत जागा नाही. त्याच्या हातच्या दोनशे पेट्या आत, आणि तो फाटकाबाहेर. तेव्हा ऑलिव्हचा भाऊ सेबॅस्टियन पुढे झाला. "माझा मेहुणा होता," म्हणाला, आणि आपल्या भातशेताच्या कडेला भेंडीच्या डेरेदार झाडाखाली त्याने जागा दिली. ही गोष्ट आयडा मामाच्या नावावर कायम जमा धरत आली होती.

आयडा ही मेस्त्रीची एकुलती एक मुलगी. बाप गेला तेव्हा सतरा वर्षांची होती. आता चोवीस. अंधेरीला औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायचं काम करायची. डोळे बापाचे, जीभ आईच्या माहेरची. मिस्सा, नोव्हेना, सगळं करायची. आणि दर वर्षी एप्रिलच्या पाच तारखेला रजा टाकून बापाची कबर झाडायला जायची. चिनी लोक या दिवसाला चिंगमिंग म्हणतात. त्या दिवशी कबरीवरचं गवत काढायचं, माती सारखी करायची, भात, उकडलेली कोंबडी आणि चहा मांडायचा, उदबत्त्या लावायच्या आणि मेलेल्याला लागणाऱ्या वस्तू कागदाच्या करून जाळायच्या, म्हणजे धुरातून त्या त्याला पोचतात. ज्याला कुणी जेवण घालत नाही तो भुकेलं भूत होऊन परक्यांच्या दारी फिरतो. लहानपणी बापाने तिला हे भीती घालायला सांगितलं नव्हतं. शेजारच्या गरीब माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं.

सत्तावन्न साली पाच एप्रिल नेमका ईस्टरआधीच्या उपासातल्या शुक्रवारी आला, मांसाला हात लावायचा नाही अशा दिवशी. तरी ऑलिव्हने पहाटे उठून कोंबडी उकडली. कबरीवर ती स्वतः कधी जात नसे. नवरा गेल्यावर फादरनी तिला पुन्हा कम्युनियन द्यायला सुरुवात केली होती, आणि ते तिला जपायचं होतं. पण डब्याचं झाकण ती स्वतः बसवायची.

आयडा शेतावर पोचली तर शेतात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. खाकी अर्धी विजार घातलेला एक माणूस दोरी धरून उभा होता. त्याचं नाव चंद्रप्रकाश, ठेकेदाराचा मुकादम.

"बाई, इथे काय करता?" त्याने विचारलं.

"ते मी तुम्हाला विचारायचं. हे माझ्या मामाचं शेत आहे."

"होतं. जानेवारीतच विकलं. पंख्यांचा कारखाना येतोय." त्याने बोटाने रेघ दाखवली. ती भेंडीच्या झाडाला लागून, थेट कबरीच्या मधून गेली होती. "ही कुंपणाची भिंत. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी पाया खणणार."

"इथे माझा बाप आहे."

चंद्रप्रकाशने डब्याकडे पाहिलं, तिने जाळायला आणलेल्या कागदी करवतीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मला कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "रविवारपर्यंत काय करायचं ते करून घ्या. सोमवारी माझ्या हातात नाही."

आयडाने गवत काढलं, भात मांडला, कागदी करवत, रंधा, एक सदरा आणि चपला जाळल्या. घाई केली नाही. मग तशीच मातीच्या हातांनी मामाच्या ओटीवर गेली.

सेबॅस्टियन सुपारी कातरत बसला होता. तिला बघून त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"सांगणार होतो गो," तो म्हणाला. "भात पिकवून काय मिळतं आता? सगळेच विकतायत."

"शेत तुझं, मामा. विक. पण बाप माझा. जानेवारीपासून एक शब्द बोलला नाहीस?"

"सात वर्षं झाली. काय उरलं असणार? माती मातीला मिळाली. एक मिस्सा सांगू त्याच्या नावाने."

"त्याच्या नावाने मिस्सा चालते? मग सिमिटरी का नाही चालली?"

सेबॅस्टियन चिडला. "हे बघ, कलिन्याचे लोक ईस्टरनंतर शब्द पक्का करायला येतायत. अर्बनसारखा रेल्वेतला मुलगा पुन्हा मिळायचा नाही. त्याच्या आईच्या कानावर गेलं, की पोरगी बापाची हाडं उकरत बसते, तर झालं तुझं लग्न. काढायचीच असतील तर रात्री काढ. मी दोन माणसं देतो, कंदील देतो. कुणाला कळायचं नाही."

"रात्री चोर खणतात," आयडा म्हणाली. "मी दिवसा खणणार."

पण खणून पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. बापाकडून अर्धवट ऐकलेलं एवढंच, की त्यांच्या मुलखात काही वर्षांनी हाडं वर काढतात, धुतात, बरणीत ठेवतात, आणि परदेशात मेलेल्याची बरणी बोटीने घरी जाते. म्हणून रविवारी ती माझगावला गेली. तिथे गोदीजवळच्या एका गल्लीत बापाच्या जिल्ह्यातल्या लोकांच्या संघाची खोली होती. बाप तिला लहानपणी नव्या वर्षाला घेऊन यायचा. खोलीत भिंतीला लागून मेलेल्यांच्या नावांच्या लाल पाट्या होत्या, पुढे संत्री ठेवलेली. चाऊ नावाचे पंचाहत्तरीचे म्हातारे तिथला कारभार बघत. दातांचं दुकान होतं त्यांचं, आता मुलगा चालवायचा. आयडा त्यांना बापासारखंच 'आ-बाक' म्हणायची, म्हणजे थोरले काका. अर्धं तिच्या मोडक्या चिनीत, अर्धं हिंदीत, असं दोघांचं बोलणं चाले.

तिने सगळं सांगितलं. चाऊ मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"हाडं मुलगा उचलतो. मुलगी उचलत नाही. मुलगी परक्या घरची."

"माझं लग्न झालेलं नाही, आ-बाक."

"होईल ना."

"मग होईपर्यंत मी कुणाची?"

म्हाताऱ्याने चहाचा पेला फिरवला. "इथे हे काम येणारा एकच माणूस होता. तो मागच्या वर्षी गेला. माझे हात कापतात. बोटीही आता पूर्वीसारख्या हाडं नेत नाहीत. मी पत्र लिहितो. तिकडून उत्तर आलं, की बघू."

"तिकडून म्हणजे कुणाकडून?"

चाऊंनी तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण शब्द तोंडातून गेला होता. "तुझ्या बापाला मुलगा आहे," ते म्हणाले. "गावाकडे. नाव वा-कीन. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हक्क त्याचा आहे."

माझा मुलगा इथे नाही. पेटीला तेल पुसताना बाप हेच म्हणायचा आणि 'इथे' हा शब्द कुणी ऐकलाच नव्हता. सात वर्षं आयडा एकटी गवत काढत होती, आणि या जगात कुठेतरी दुसरं एक माणूस त्याच कबरीचा मालक होता! क्षणभर तिला वाटलं, उठावं, निघून जावं, आणि त्या मुलानेच येऊन काय ते निस्तरावं.

पण ती उठली नाही. "त्याने कधी ही कबर झाडली आहे?" तिने विचारलं.

"तो कसा झाडणार?"

"पत्र जायला किती दिवस लागतात?"

"महिना. दीड महिनाही."

"भिंत आठ दिवसांत उभी राहतेय. मग तुम्हीच सांगा, मुलगा येईपर्यंत बापाने पायाच्या दगडाखाली पडून राहायचं? लोकांनी त्याच्यावर विटा रचायच्या? हे बसतं तुमच्या रीतीत?"

चाऊंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी तोंड पाट्यांकडे फिरवलं. "मी तुला काही शिकवत नाही," ते म्हणाले. "म्हातारा माणूस आहे, स्वतःशी बोलतो. तू ऐकू नकोस."

आणि ते पाट्यांशी बोलू लागले. हाडांवर ऊन पडू द्यायचं नाही, वर छत्री धरायची. आधी पायांची बोटं, मग नळ्या, मांड्या, असं पायांकडून वर यायचं. एक एक हाड तांदळाच्या दारूने पुसायचं. बरणीत ठेवतानाही पाय खाली, मग कंबर, पाठीचे मणके, बरगड्या, हात, आणि सगळ्यांत वर डोकं. म्हणजे माणूस आत बसल्यासारखा बसतो. डोकं खाली गेलं तर तो कायमचा उलटा. डोळ्यांची बाजू समोर. रडायचं असेल तर बाजूला होऊन रडायचं, हाडांवर आसू पडू द्यायचे नाहीत.

"आणि बोलायचं," शेवटी ते म्हणाले. "काय करतोय ते त्याला सांगत राहायचं. नाहीतर तो घाबरतो."

घरी पोचली तेव्हा ऑलिव्ह कांदा चिरत होती. आयडाने पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. "आय, बापाला मुलगा आहे."

"वा-कीन," ऑलिव्ह म्हणाली. सुरी थांबली नाही.

"तुला माहीत होतं?"

"कोर्टात जायच्या आदल्या दिवशी सांगितलं त्याने. बायको बाळंतपणात गेली, पोर आजीकडे. दर वर्षी त्याच्यासाठी एक सदरा शिवून पाठवायची मी. अंदाजाने. वाढत्या अंगाचा. मग लढाई लागली, पत्रं बंद झाली. कुठल्या मापाचा शिवायचा तेच कळेनासं झालं."

"मला नाही सांगितलंस!"

"तू म्हटलं असतंस, आणा त्याला. हट्टी तू. आणि आणता आलं नसतं." ऑलिव्हने पदराने डोळे पुसले, कांदाही होता. "म्हातारा काय म्हणाला?"

आयडाने सगळं सांगितलं. दारूपाशी आल्यावर ती अडली. "दारूबंदीच्या दिवसांत तांदळाची दारू कुठून आणायची?"

ऑलिव्ह उठली, मागच्या अंगणात गेली, कोंबड्यांच्या खुराड्यामागची माती तिने कोयत्याने उकरली आणि एक बाटली आणून चुलीशी ठेवली. "तुझ्या लग्नासाठी गाळून घेतली होती. तांदळाची नाही, गुळाची. चालवून घेईल तो." मग तिने कोपऱ्यातली शिरक्याची बरणी दोन्ही हातांनी पुढे ओढली. तिच्या आजीची, चिनीमातीची, कमरेइतकी उंच. तिच्यातला शिरका तिने घमेल्यात ओतला आणि बरणी उन्हात पालथी घातली.

"आय, तू येऊ नकोस," आयडा म्हणाली. "पुढे ईस्टर आहे. फादर तुला पुन्हा शेवटच्या बाकावर बसवतील."

"शेवटचं बाक माझ्या नवऱ्याने केलंय," ऑलिव्ह म्हणाली. "मजबूत आहे."

चौदा तारखेला झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वाटतात तो. सकाळी सातला दशरथ कुदळ घेऊन आला. हा त्यांच्या घरामागच्या चाळीतला मालवणी माणूस, गिरणीत रात्रपाळी करायचा. मेस्त्रीने त्याच्या पोरीचा पाळणा केला होता. आयडाने त्याला आधीच विचारलं होतं, तुम्हाला विटाळ नाही का? तो म्हणाला होता, "आमी म्हाळ घालतो, तुमी मेणबत्ती लावतास, तो चाय घालायचो. मेलेल्याक काय, पोटाक मिळाल्याशी मतलब."

त्याने तीन तास खणलं. पेटीच्या बाजू गेल्या होत्या, पण झाकण अजून धड होतं; सात पावसाळे खाऊन त्यावर कुदळ वाजली तेव्हा खणखणीत वाजली. ऑलिव्हने काळी छत्री उघडून खड्ड्यावर धरली. आयडा आत उतरली.

भीती तिला वाटलीच. पहिलं हाड तिने दोन बोटांनी उचललं. पण ते हलकं होतं, कोरडं, तपकिरी, रंध्याखालून निघालेल्या लाकडासारखं. "बाबा, मी आयडा," ती म्हणाली. "हा तुमचा उजवा पाय. इथून तुम्हाला हलवायचंय. भिंत येतेय." आणि एकदा बोलायला लागल्यावर तिचे हात आपोआप चालू लागले. ती हाड वर द्यायची, दशरथ चादरीवर ठेवायचा, ओळीने, माणूस निजल्यासारखं. डाव्या हाताशी आल्यावर दशरथ माती चाळत बसला.

"एक बोट कमी आसा गो. मिळना नाय."

"शोधू नका," वरून ऑलिव्ह म्हणाली. "ते त्याने करवतीला दिलं. पस्तीस साली."

तेवढ्यात मिस्सा सुटली. लोक हातात लांब लांब झावळ्या घेऊन शेताच्या बांधावरून घरी चालले होते. पुढचे थांबले, म्हणून मागचेही थांबले. बघता बघता चाळीस-पन्नास माणसं बांधावर उभी राहिली. सेबॅस्टियन वाट काढत पुढे आला. त्याच्या कोटाला झावळीचा क्रूस लावलेला होता.

"आजच्या दिवशी?" तो ओरडला. "सगळ्या गावासमोर? ऑलिव्ह, तुला तरी अक्कल! मेलेल्या माणसाची अशी विटंबना..."

आयडा खड्ड्यातून वर आली. अंगभर माती, हातात गुळाच्या दारूने ओला फडका. "विटंबना कशाला म्हणतोस, मामा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सिमिटरीत दर तीन वर्षांनी कबर उकरता आणि सगळ्यांची हाडं कोपऱ्यातल्या एकाच कोरड्या विहिरीत ओतता. नानीची कुठली आणि नानाची कुठली, सांगता येईल तुला? मी माझ्या बापाचं एक एक हाड पुसून ठेवतेय. कुणाला बघायचं असेल त्याने बघावं. ज्याच्या घरातलं माणूस माझ्या बापाने केलेल्या पेटीत गेलं नसेल, त्यानेच फक्त बोलावं."

पुढच्यांनी हातातल्या झावळ्या खाली केल्या. सेबॅस्टियनचं तोंड लाल झालं. तो वळला, आणि त्याच्या मागोमाग निम्मा बांध रिकामा झाला. कुणीतरी जाताना थुंकलंही. आयडाने ते पाहिलं आणि पुन्हा चादरीपाशी गुडघे टेकले.

ऊन वर चढलं होतं. छत्री पुरेना. चादरीच्या पायांकडे उन्हाची पट्टी सरकत आली, तशी म्हातारी ज्युलिया बांधावरून खाली उतरली. एकेचाळीस साली देवीच्या साथीत तिचा सहा वर्षांचा मुलगा गेला होता. हातातली झावळी तिने त्या पायांच्या हाडांवर आडवी धरली आणि उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. दशरथ पुटपुटला, "आता बरा झाला." दीड तास त्या बायका तशाच उभ्या होत्या. आयडा पुसत होती, बापाला नाव घेऊन सांगत होती, आणि बरणीत पाय, नळ्या, मांड्या, कंबर असा एक सुतार हळूहळू बसता होत होता. डोकं ठेवताना मात्र तिला बाजूला व्हावं लागलं. ऑलिव्हने छत्री दशरथच्या हातात दिली, नवऱ्याचं कपाळ दोन्ही हातांत धरलं, आणि डोळ्यांची बाजू समोर करून तिनेच ते वर ठेवलं.

बरणी त्यांनी घरामागे, मेस्त्रीच्या कामाच्या छपराशेजारी पुरली. जमीन ऑलिव्हच्या नावावर होती. तिथे कुणाची रेघ येणार नव्हती.

त्याची किंमत पडायची ती पडलीच. कलिन्याहून निरोप आला, की घाई नको, मुलाला बढतीची परीक्षा आहे. अर्बन स्वतः काहीच बोलायला आला नाही, हे आयडाला लागलं. मग राग आला. मग तिने साखरपुड्यासाठी घेतलेलं कापड फाडून त्याचे दोन फ्रॉक शिवले आणि कारखान्यात घालून गेली. सेबॅस्टियनने बोलणं टाकलं. फादरनी ऑलिव्हला बोलावून घेतलं, बराच वेळ समजावलं, आणि चूक कबूल केली तर काही नाही, असं सांगितलं. ऑलिव्ह म्हणाली, चूक झाली असती तर कबूल केली असती. ईस्टरला ती आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ज्युलिया तिच्या शेजारी येऊन बसली.

मे महिन्यात आयडा पुन्हा माझगावला गेली. चाऊंनी तिला बघताच विचारलं, "डोकं वर?"

"वर. समोर तोंड करून."

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग ती म्हणाली, "आता पत्र लिहा. वा-कीनला."

चाऊंनी शाई उगाळली, कागद पसरला. कापऱ्या हाताने चार ओळी उतरवल्या आणि वाचून दाखवल्या. आदरणीय वा-कीन यांस, आपल्या पित्याच्या अस्थी रीतीप्रमाणे उचलल्या असून, आपल्या वतीने येथील आप्तांनी—

"थांबा," आयडा म्हणाली. "आप्त कोण?"

"असं लिहायची पद्धत आहे. मुलाला बरं वाटतं."

"त्याच्या वतीने कुणी केलं नाही. त्याला माहीतही नाही. माझ्या बापाच्या मुलीने केलं, असं लिहा. नाव लिहा. आयडा. आणि त्याच्या सावत्र आईने छत्री धरली आणि कपाळ ठेवलं. तिचंही नाव."

"मुलीने केलं हे वाचून त्याला लाज वाटेल."

"वाटू दे. मग तो उत्तर तरी देईल." ती टेबलावर कोपर टेकून बसली. "आणि लिहा, की दर चिंगमिंगला मी भात आणि चहा मांडते. पुढच्या वर्षीही मांडणार, त्याच्याही पुढच्या. त्याला यायचं असेल तर यावं, घर मोठं आहे. पण हाडं आता हलायची नाहीत. आणि विचारा, छातीचं माप किती. आईला सदरा शिवायचाय."

चाऊंनी ब्रश खाली ठेवला. बाहेर गोदीचा भोंगा झाला. मग त्यांनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला, नवा पसरला आणि तिला विचारलं, "आयडा. कसं लिहू? आमच्या अक्षरांत हे नाव नाही."

"मग नवीन करा," ती म्हणाली.